दाराच्या चौकटीवरचा पिवळा कागद

९ एप्रिल

सॉल्वेग,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर आधी वाच, मग खुशाल फाड.

चार वर्षांपूर्वी तू अंगणात उभी राहून मला म्हणालीस, "या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही." बरं, नाही टाकत. पण तुझ्या आईला निल्सला बघायचंय. पोरगं तीन वर्षांचं झालं आणि आजीनं त्याला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलंय. मी म्हटलं, तू जा की बसनं, मी राहतो इथं. तर म्हणते, "जायचं तर दोघांनी. एकटी गेले तर पोरीला काय सांगू, नवरा कुठं टाकून आले?" विमानात ती बसत नाही, हे तुला माहीतच आहे.

तेव्हा मी तोडगा काढलाय. तुझ्या घरात यायचं नाही ना? आम्ही आमचं घर मागं बांधून आणतो. ओल्सनच्या विधवेचा ट्रेलर घेतला. तीस फुटी. पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. तुझ्या त्या मोठ्या झाडाखाली लावू आणि त्यातच राहू. अंगण म्हणजे काही घर नव्हे. तुझाही शब्द राहील, माझाही.

आता प्रश्न ओढणाऱ्या गाडीचा. माझी जुनी पिकअप हे ओढायची नाही. इथून, नॉर्थ डकोटातून, तुझ्याकडं यायचं म्हणजे मोंटानातले दोन मोठे घाट, आणि घाटात पेट्रोलची गाडी धापा टाकते. डिझेलच पाहिजे. चढावर ओढतं आणि उतारावर इंजिनच गाडीला मागं धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. कॅफेतला ड्वेन फेटिग म्हणतो, एक टनाची घे, म्हणजे जास्त ओझं सोसणाऱ्या जातीची. ड्वेन काय, अंडी आणायला जायचं तरी एक टनाची घे म्हणेल. मी म्हणतो, पाऊण टनाची डिझेल पुष्कळ झाली. कंपनीच्या कागदावर छापलंय, अठरा हजार पाउंड ओढते. आपला ट्रेलर भरून नऊ हजार. दुप्पट झालं की! तीस वर्षं कोठाराच्या काट्यावर बसून अख्ख्या तालुक्याचा गहू जोखलाय मी. मला वजन कुणी शिकवू नये.

तू घोड्यांचे ट्रेलर ओढतेस, म्हणून आपलं कळवलं. सल्ला मागत नाहीये.

व्हर्लिन ओडेगार्ड
(तुझा बाप)

२४ एप्रिल

सॉल्वेग,

तुझं कार्ड मिळालं. चार वर्षांत पहिली ओळ, आणि तीही काय तर, "गाडी घेण्याआधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा कागद वाचा." वर "बाबा" नाही, खाली सही नाही. आईनं ते फ्रिजवर लावून ठेवलंय. दूध काढायला जाते आणि तिथंच उभी राहते.

वाचलाय तो कागद. न वाचता कोण गाडी घेतं? आणि गाडी तर तुझं कार्ड यायच्या आधीच घेऊन झाली.

बघशील तेव्हा कळेल. गर्द लाल. डोक्यावर अख्खं काचेचं छत. चामड्याच्या खुर्च्या, थंडीत गरम होतात, उन्हात गार होतात. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते. हे सगळं आईच्या कंबरेसाठी हं. माझं काय, मी लाकडी फळीवर बसूनही येईन. कॅफेसमोर उभी केली तेव्हा फासे टाकून कॉफीचं बिल कुणावर ते ठरवणारी आमची सगळी टोळी कप हातात घेऊन बाहेर आली. ड्वेननं गाडीभोवती एक फेरी मारली, ड्रायव्हरचं दार उघडलं, चौकटीकडं बघितलं आणि दार हळूच लावून टाकलं. ड्वेन गप्प बसला, म्हणजे जळत असणार.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघावं म्हणतो. तू "येऊ नका" असं लिहिलेलं नाहीस. आई म्हणते, "या" असंही लिहिलेलं नाही. मी म्हटलं, अगं, यायचंच नसतं तर पिवळा कागद वाचायला कशाला सांगेल?

उद्यापासून जत्रेच्या मैदानावर रिव्हर्सचा सराव. आई मागं उभी राहून हातानं खुणा करणार आहे. तुला वाटतंय ते होणार नाही. मी आता बदललोय.

व्हर्लिन ओडेगार्ड

९ मे

सॉल्वेग,

पिवळा कागद मी काल वाचला. मागच्या पत्रात वाचलाय म्हणून लिहिलं ते खोटं होतं.

त्यावर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून एकोणीसशे पाउंडांपेक्षा जास्त घालू नका. मी हसलो आधी. म्हटलं, अठरा हजार ओढणारी गाडी, आणि हे काय एकोणीसशे? मग डोक्यात प्रकाश पडला, आणि तिथंच त्या आपोआप बाहेर येणाऱ्या पायरीवर बसलो. ओढणं वेगळं आणि पाठीवर घेणं वेगळं. ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीवर टेकतो, त्याचंच वजन साडेअकराशे. ते पाठीवरच आलं. वर आई, मी, जनरेटर, हत्यारांची पेटी, तुझ्यासाठी भरलेली मांसाची शीतपेटी. आणि गंमत बघ, डिझेलचं इंजिनच एवढं जड की गाडीची निम्मी ताकद ते स्वतःच खातं. वर काचेचं छत खातं, चामडं खातं, ती पायरी खाते. साधी, एक टनाची, कापडी खुर्च्यांची घेतली असती तर काही प्रश्न नव्हता. ड्वेन जळत नव्हता. त्यानं तो आकडा वाचला होता आणि माझा पाणउतारा नको म्हणून तोंड मिटलं होतं.

तीस वर्षं, सॉल्वेग! लोकांच्या गाड्या जोखल्या, कुणाला एका पोत्याची सूट दिली नाही, आणि स्वतःच्या गाडीचा आकडा दारातच चिकटवलेला असताना वाचला नाही. छत बघत बसलो. आईच्या कंबरेचं लिहिलं होतं ना, तेही पूर्ण खरं नाही. ती गाडी तुझ्या फाटकातून आत शिरताना तू खिडकीतून बघशील, असं डोळ्यासमोर होतं. दुकानात बसून तेच बघत होतो.

कॅफेत जाणं बंद केलंय. आईला सांगितलं, पित्त झालंय. तिनं विचारलं, "पित्त कुठं, पिवळ्या कागदावर?" मग अंडी तळता तळता म्हणाली, "ओढते जोरात आणि सोसत काही नाही. अगदी तुझ्यासारखीच गाडी आणलीस, व्हर्लिन." हसत म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

सामान कमी करून बसवू. रिव्हर्सचा सराव ठीक चाललाय. मंगळवारी आई मैदानावरून चालत घरी आली. हवा छान होती.

व्हर्लिन

१५ मे

सॉल्वेग,

आईनं तुला सांगितलं असेल. नसेल सांगितलं, कारण ती अशा गोष्टी सांगत नाही, तर मी सांगतो. हवेचा काही संबंध नव्हता.

त्या मंगळवारी मैदानावर केशरी शंकू मांडून मी ट्रेलर मागं घेत होतो. ट्रेलर मागं घेताना स्टिअरिंगचं चाक डावीकडं फिरवलं की ट्रेलर उजवीकडं जातो, हे तुला कुणी सांगायला नको. अकरा वर्षांची असताना तू गवताची गाडी मागं घ्यायचीस, आणि मी मात्र अजून घामाघूम होतो. आई मागं उभी राहून छोट्या झेंड्यानं खुणा करत होती. मला आरशात ती दिसत नव्हती. म्हणजे ती बरोबरच उभी होती, मीच ट्रेलर वाकडा करून तिला आरशातून घालवली. पहिला शंकू गेला. दुसरा गेला. तेवढ्यात ड्वेन आणि कॅफेतले दोघंतिघं कुंपणाला टेकून उभे राहिलेले दिसले. नवी गाडी ट्रेलर कसा ओढते ते बघायला आले होते बिचारे.

मी काच खाली केली आणि ओरडलो. "डोळे आहेत की बटणं? एवढं साधं जमत नाही? बाजूला हो, तुझ्याच्यानं जन्मात काही झालं नाही!"

कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं. एकजण खाली बघून बुटानं माती उकरायला लागला. आईनं हातातला झेंडा घडी घालून शंकूवर ठेवला. चांगला नीट, कोपरे जुळवून. मग पाठ वळवली आणि मैदानातून, रस्त्यावरून, चर्चच्या समोरून चालत घरी गेली. मी गाडी घेऊन तिच्या मागं गेलो असतो, पण मागं ट्रेलर होता, आणि मला तो वळवता येईना.

चार वर्षांपूर्वी तुझ्या अंगणात मी हेच केलं होतं. तोच ट्रेलर मागं घेण्याचा कार्यक्रम, तेव्हा भाड्याचा होता. तुझ्या घरभरणीला आलेल्या पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "चाळीस वर्षं झाली, या बाईला अजून डावं उजवं कळत नाही!" दोघंचौघं हसलेही होते तेव्हा, आणि मला त्याचं बरं वाटलं होतं. तू म्हणालीस, "माझ्या दारात माझ्या आईला असं बोलायचं नाही. तुम्ही आत्ता निघा." मी चार वर्षं समजत होतो की तू मला एका वाक्यासाठी घराबाहेर काढलंस. तसं नव्हतं गं. तुला लहानपणापासूनची सगळी वाक्यं पाठ होती.

तुझ्याकडं यायची तयारी करता करताच मी ते पुन्हा केलं. मला स्वतःची इतकी लाज वाटते की आरशात बघून दाढी करवत नाही. म्हणजे दाढी वाढलीय, एवढंच.

आई घरात बोलते. "मीठ दे." "दार लाव." एवढंच बोलते.

व्हर्लिन

२८ मे

सॉल्वेग,

आज आम्ही काट्यावर गेलो. माझ्याच काट्यावर, कोठाराच्या.

सकाळी आई म्हणाली, "ट्रेलर जोड. सगळं भर. जोखून घेऊ." मी म्हटलं, मी हिशोब केलाय, बरोबर बसतंय. "तुझं वजन किती धरलंस?" "दोनशे चाळीस." तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि स्वयंपाकघरातला दिवा मालवून बाहेर गेली.

काट्याबाहेर लाल आकड्यांची मोठी पाटी आहे, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. ती मीच बसवून घेतली होती. कुणाला शंका नको, सगळं चारचौघांसमोर, असा माझा बाणा. गाडी काट्यावर घेतली, ट्रेलरची चाकं बाहेर ठेवली. पेरणीचा मोसम, पोती न्यायला आलेले पाचसहा जण उभे होते, त्यात ड्वेन. पाटीवर आलं १०,२८०. गाडीची मर्यादा, पाठीवरच्या ओझ्यासकट, दहा हजार.

"जनरेटर काढू," मी म्हटलं.

"तू उतर," आई म्हणाली.

"अगं, मी चालवणार आहे."

"उतर म्हणते ना."

उतरलो. तो काटा वीसवीस पाउंडांनी बोलतो, धान्याला तेवढं पुरतं. पाटीवरचा आकडा थरथरला आणि थांबला. ९,९८०.

अख्ख्या गावासमोर माझं वजन लाल अक्षरांत जाहीर झालं. ड्वेन म्हणाला, "अरे, तीनशेचं पोतं कुणी उतरवलं रे?" आणि सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं. मग आईकडं बघितलं. ती हसत नव्हती. ती सरकून ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती आणि खुर्ची पुढं ओढून घेत होती, आरसे आपल्या उंचीला लावत होती.

"झालं, बसतंय," ती म्हणाली. "मी जाते पोरीकडं."

सॉल्वेग, जनरेटर काढता आला असता. हत्यारं काढता आली असती. लाकडाच्या मोळ्या तर कशालाच नको होत्या. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिला मीच उतरवायचा होतो. आणि तिनं ते मोठ्यानं बोलून केलं नाही, माझ्याच पाटीवर लिहून दाखवलं. मी चार माणसांत तिची जी लाज काढत आलो, ती कशी लागते ते मला आज पहिल्यांदा कळलं, आणि मला तर फक्त वजनच ऐकावं लागलं.

रात्री विचारलं, "मी जुन्या पिकअपनं मागून आलो तर चालेल?"

"रस्ता सरकारचा आहे," ती म्हणाली. "मी कोण अडवणार?"

म्हणजे येतोय. तुझ्या दारापर्यंत नाही.

व्हर्लिन

५ जून
मोंटाना, रस्त्यात

सॉल्वेग,

तुझ्या आईला गाडी चालवताना मी इतक्या वर्षांत कधी मागून बघितलं नव्हतं. शेजारी बसून बघितलंय, म्हणजे शेजारी बसून ओरडलोय. ती माहेरी सुगीत धान्याचे ट्रक हाकत मोठी झाली, हे मी विसरूनच गेलो होतो. लग्न झालं आणि चावी माझ्याकडं आली, ती माझ्याकडंच राहिली.

बिलिंग्ज शहराच्या अलीकडं आडवा वारा सुटला, असा की माझी हलकी पिकअप रस्ता सोडून पळत होती. तिच्या ट्रेलरची शेपूट हलायला लागली. मी इथं काचेआड ओरडलो, "ब्रेक लावू नकोस! ब्रेक लावू नकोस!" कुणाला ऐकू जाणार? तिनं ब्रेक लावला नाही. पाय उचलला असणार, नुसता ट्रेलरचा हातानं लावायचा वेगळा ब्रेक हलकाच दाबला असणार, शेपूट सरळ झाली, आणि ती तशीच पुढं. पेट्रोल पंपावर मी धावत गेलो तर म्हणाली, "कॉफी घेतोस का?" त्या दिवशीचं सगळ्यात लांब वाक्य.

पहिल्या घाटाच्या उतारावर तिचे मागचे लाल दिवे जवळजवळ लागलेच नाहीत. डिझेल धरून ठेवत होतं. गाडीची निवड त्या बाबतीत तरी चुकली नाही, एवढं समाधान मला करून घेऊ दे.

काल संध्याकाळी ट्रेलरवाल्यांच्या मुक्कामाच्या तळावर आलो. तळावरची रीत तुला माहीत आहे. नवा ट्रेलर आत शिरला की सगळे खुर्च्या ओढून बाहेर बसतात, हातात बिअर, आणि नवराबायकोचं भांडण फुकटात बघतात. मी माझी पिकअप लांब लावली आणि आत बसून राहिलो. आईनं काच खाली केली आणि खुर्चीतल्या एका बाईला हाक मारली, "बाई, जरा मागं उभ्या राहाल का? मला हे नीटसं येत नाही." ती बाई रबरी चपला फटफटवत उठली. "मलाही नाही येत हो! चला, दोघी मिळून आपटू कुठंतरी." दोनदा पुढं घेतला, तीनदा मागं. एकदा ट्रेलर नळाच्या खांबापर्यंत आला तेव्हा ती बाई किंचाळली, "थांबा, थांबा, खांबाला मूलबाळ आहे!" आणि आई हसली. खळखळून, डोकं मागं टाकून. ट्रेलर लागला. खुर्चीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आईला तसं हसताना मी शेवटचं कधी ऐकलं ते आठवायचा प्रयत्न करतोय. तू लहान होतीस, आणि मी घरी नव्हतो. मी बाहेरून आत आलो आणि तुम्ही दोघी गप्प झालात. तेवढंच आठवतंय.

व्हर्लिन

७ जून
तुझ्या गावच्या जत्रेचं मैदान

सॉल्वेग,

हे पत्र आईच्या हातून पाठवतोय. ती आता ट्रेलर घेऊन तुझ्याकडं निघेल. मी इथंच मैदानावर थांबतोय. पिकअपच्या मागं झोपायला गादी आहे आणि जनरेटरही माझ्याकडंच आहे, तो मीच वाहून आणला. माझी काळजी नको. कुणी करत असेल असं नाही, पण नको.

एकच सांगायचंय. तुझ्या फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला पाण्याचा पाट आहे आणि उजवीकडं ते झाड. आईला मागं कुणीतरी लागेल. तू उभी राहा. तिच्या आरशात तुला तिचा चेहरा दिसेल अशा जागी उभी राहा. तुला तिचा चेहरा दिसला म्हणजे तिला तू दिसतेस. चेहरा दिसेनासा झाला तर तूच सरक, तिला सरकायला लावू नकोस. घाई करू नकोस. हे मला आता कळतंय म्हणून लिहितोय, तुला तर आधीपासून येतं.

मी तिची माफी मागितलेली नाही. नॉर्थ डकोटापासून इथपर्यंत रोज ठरवतो. प्रत्येक मुक्कामाला तिच्यापाशी जातो, तोंड उघडतो, आणि बाहेर काय पडतं? "टायरची हवा बघितलीस का?" ती म्हणते, "बघितली." मग मी परत माझ्या गाडीत. तीनशे पाउंडांचा माणूस आणि एक शब्द उचलत नाही.

तू मला घरात घे म्हणून मी हे लिहीत नाहीये. म्हणजे आतून तेच हवंय. पण मागत नाही.

बाबा

८ जून, सकाळ

सॉल्वेग,

उठलो तेव्हा तुझी चिठ्ठी वायपरखाली होती. तू आलीस आणि मला उठवलं नाहीस. मी घोरत असेन. काचेतून बघितलंस का मला? दाढी वाढलीय, घाबरली तर नाहीस ना?

"बाबा, आईनं ट्रेलर लावला. पहिल्याच दमात. मी नुसती उभी होते. माझी माफी मागू नका. आईची मागा, आणि ज्यांच्यासमोर तिला बोललात त्यांच्यासमोर मागा. मग या. गाडी नको, चालत या."

वर "बाबा" लिहिलंस. मी ते आधी वाचलं आणि बराच वेळ पुढं गेलोच नाही.

तुझ्या घरभरणीचे पाहुणे मी आता कुठून गोळा करू? पण आमच्या गावच्या मैदानावर कुंपणाला टेकून उभे होते ते मला माहीत आहेत कुठं असतात. तिकडं आमच्या कॅफेत फासे टाकायची वेळ झाली होती. ड्वेनला फोन लावला.

"काय रे, पोतं पोचलं का?" तो म्हणाला.

"ड्वेन, फोन टेबलावर ठेव. सगळ्यांना ऐकू येईल असा."

"का, काय झालं? आर्डिस बरी आहे ना?" त्याला वाटलं, तुझ्या आईला काही झालं.

"बरी आहे. ठेव."

ठेवला. कप वाजायचे थांबले. मी म्हटलं, त्या मंगळवारी मैदानावर मी आर्डिसला जे बोललो ते खोटं होतं. ती बरोबर उभी होती, चुकत मी होतो. नेहमीच मी चुकत होतो आणि ओरडत तिच्यावर होतो, कारण तुम्ही बघत होतात. ती नऊ हजार पाउंडांचा ट्रेलर दोन घाटांतून एकटीनं घेऊन आली आणि मी मागून तिचे दिवे बघत आलो. मला तुमच्यासमोर तिची माफी मागायची आहे.

एवढं बोललो. पलीकडं कुणी खोकलं. मग ड्वेनचा आवाज आला, बारीक, त्याचा नसल्यासारखा.

"हे आर्डिसला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग आम्हाला काय सांगत बसलायस, म्हाताऱ्या? जा की!"

निघालोय. गाडी मैदानावरच आहे, चावी आत ठेवलीय. तू जवळच राहतेस, पण मला चालायची सवय नाही, दम लागेल, दोनदा बसावं लागेल. हे पत्र तुझ्या रस्त्यावरच्या पत्रपेटीत टाकून पत्र असल्याची लाल पट्टी वर करून ठेवतो आणि फाटकाबाहेर उभा राहतो. पट्टी दिसली की बाहेर ये, वाच, आणि आईला पाठव. तिला आधी काही सांगू नकोस, मला स्वतःला सांगू दे. निल्स आजीजवळ असेल तर असू दे, त्यालाही ऐकू दे.

तू घरातच थांबलीस तरी चालेल. फक्त दार उघडं ठेव. मी या वेळी मोठ्यानं बोलणार आहे, ते तुला ऐकू यायला हवं.

बाबा